गिऱ्हाईक चुकवण्याचे सोपे धडे
(देवास आणि धार इथल्या नवशिक्या दुकानदारांसाठी)

धंदा कसा वाढवावा हे सांगणारी पुस्तकं बाजारात ढिगानं मिळतात. धंदा आहे तिथंच राहावा, गल्लीबाहेरच्या माणसाला त्याचा सुगावा लागू नये आणि दुपारची झोप मोडू नये, यासाठी मात्र कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न.

मार्गदर्शिका मुख्यतः देवास आणि धारच्या मंडळींसाठी आहे. कारण या कलेला लागणारं नैसर्गिक वातावरण दोन्ही गावांना आयतंच लाभलेलं आहे. देवासहून इंदूर पस्तीसेक किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. घरातला मिक्सर बंद पडला की माणूस फोन काढतो, फोन त्याला इंदूरचं दुकान दाखवतो आणि तो मिक्सर पिशवीत घालून तुमच्याच दुकानासमोरून बस पकडायला जातो. तुम्ही फक्त आडवं यायचं नाही. येवढं जमलं की निम्मी विद्या आली.

धडा पहिला : नाव गाजू द्या, पत्ता देऊ नका

या शास्त्राचा आद्य आचार्य धारचाच आहे. ‘कुठं राजा भोज आणि कुठं गंगू तेली’ ही म्हण माहीत नाही असा माणूस मराठीत सापडायचा नाही आणि हिंदीत तर नाहीच नाही. अकराव्या शतकातल्या राजा भोजाचं नाव व्हायला त्याला ग्रंथ लिहावे लागले, तलाव बांधावे लागले, लढाया कराव्या लागल्या. गंगू तेल्यानं काहीच केलं नाही, तरी राजाच्या नावाला त्याचं नाव कायमचं चिकटलं. मध्य भारतातल्या कुठल्याही लघुउद्योजकाला इतकी फुकट जाहिरात मिळालेली नाही.

पण त्याचा घाणा कुठं होता? तेल तिळाचं की करडईचं? उधारी चालायची का? कुणालाच ठाऊक नाही. धारच्या लाट मशिदीबाहेर एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. दिलावरखान घोरीनं १४०५ साली मशीद बांधली, स्तंभ त्याहून जुना. लोककथा म्हणते, ही कुण्या तेलिणीच्या तराजूची दांडी. म्हणजे दुकानाची एवढी अजस्र खूण रस्त्यावर उभी होती आणि तरीही पत्ता हरवला. त्यातच काही अभ्यासक म्हणतात की हा तेली मुळात तेली नव्हताच. चेदीचा राजा गांगेय आणि तेलंगणाकडचा चालुक्य राजा, अशा भोजाच्या दोन प्रतिस्पर्ध्यांची नावं लोकांच्या तोंडी घासून घासून ‘गंगू तेली’ झाली. तसं असेल तर नोंद चुकीच्या वर्गात पडली आणि हजार वर्षं कुणी दुरुस्तीचा अर्ज केला नाही.

हेच तुम्हाला करायचं आहे. ‘आम्हाला जाहिरातीची गरज नाही, सगळं गाव ओळखतं,’ हे वाक्य रोज सकाळी गल्ल्याला उदबत्ती ओवाळताना म्हणा. गाव खरोखरच ओळखतं. अडचण होते ती गावात नव्यानं बदलून आलेल्या बँक कारकुनाची, बँक नोट प्रेसमध्ये रुजू झालेल्या पोराची, लग्न होऊन आलेल्या सुनेची. त्यांना तुमचं नाव कानावरून माहीत असतं. दार कुठलं, फोन कुठला, आज उघडं आहे का, हे माहीत नसतं. ते कुणाला विचारत नाहीत, फोनला विचारतात. आणि फोनला तुम्ही काही सांगितलेलंच नसतं.

धडा दुसरा : आपल्याबद्दल दुसऱ्याला लिहू द्या

देवासचं उदाहरण घ्या. मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ साली इथं राज्य थाटलं, आणि पुढं एकाच गावात दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. मुख्य रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. पाणी वेगळं, दिवाबत्ती वेगळी. याची दफ्तरं आहेत, वंशावळी आहेत. पण बाहेरच्या जगाला देवास कळलं ते एका परक्या माणसाकडून. ई. एम. फॉर्स्टर नावाचा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून इथं राहून गेला. इथली गोकुळाष्टमी त्यानं डोळे विस्फारून पाहिली, १९२४ सालच्या आपल्या गाजलेल्या कादंबरीत ती वापरली आणि १९५३ मध्ये टेकडीवरच्या देवीचं नाव देऊन आठवणींचं पुस्तक काढलं. आजही इंग्रजी वाचणाऱ्याचं देवास म्हणजे फॉर्स्टरचं देवास. त्यानं प्रेमानं लिहिलं हे खरं, पण लिहिलं त्याला दिसलं ते.

तुमच्या दुकानाच्या वाट्याला फॉर्स्टर येणार नाही. येईल तो रस्त्यानं जाणारा कुणीही. गूगलच्या नकाशावर दुकानाची जागा, नाव, वेळ, फोन यांत ‘सुधारणा’ सुचवण्याची मुभा कुणालाही असते. दुकान ‘कायमचं बंद’ झालं आहे, असंही कुणी कळवू शकतं. तुम्ही त्या नोंदीवर आपला हक्क सांगितलेला नसेल, तर ही सुधारणा झाल्याचं तुम्हाला कळायलाही मार्ग नाही. तुम्ही आत बसून तागडी पुसताय आणि फोनच्या जगात तुमचं तेरावं होऊन गेलेलं आहे.

याहून मजेदार प्रकार दुहेरी नोंदीचा. एक नोंद कुण्या गिऱ्हाइकानं टाकलेली, एक भाच्यानं. एकीत जुना फोन, दुसरीत नवा. एकीत दुकान सयाजी द्वारापाशी, दुसरीत ए. बी. रोडवर. एका दुकानाच्या दोन पाती! चांगले अभिप्राय थोरलीला, नवा फोन नंबर धाकटीला. गिऱ्हाईक नेमकं जुना नंबर लावतं. देवासकरांना हे परंपरेनं मानवत असेल, तर चालू द्यावं. मानवत नसेल तर गूगलवर आपल्या नोंदीची मालकी घ्यायची, दुसरी नोंद दुहेरी म्हणून कळवायची. पैसे पडत नाहीत. पडताळणी हल्ली बहुधा दुकानाचा, पाटीचा, आतल्या मालाचा छोटा व्हिडिओ मागून होते. पण हे सांगणं आमच्या विषयात बसत नाही. चुकून लिहिलं गेलं.

धडा तिसरा : सगळं पुतण्यावर सोपवा

प्रत्येक माळवी मराठी घरात एक पुतण्या असतो. तो इंदूरला इंजिनिअरिंग करतो आणि ‘कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं’ अशी त्याची ख्याती असते. दिवाळीत तो घरी आला की काका म्हणतात, ‘बाळा, आपल्या दुकानाचं ते वेबसाईटचं बघ जरा.’ पुतण्या दोन रात्रीत बघतो. साईट होते. वर धावणारी अक्षरं, खाली गणपती, मध्ये काकांचा सफारीतला फोटो.

आता नीट लक्ष द्या, इथंच खरं कौशल्य आहे. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, पुतण्याच्या नावावर नोंदवलेलं असावं. त्याचा ईमेल पुतण्याच्या कॉलेजचा असावा. पासवर्ड त्याच्या त्या वेळच्या मैत्रिणीच्या नावाचा असावा. नूतनीकरणाची सूचना त्या ईमेलवर जावी, आणि तोवर त्याला बंगळुरूला नोकरी लागलेली असावी. वर्षभरानं डोमेनची मुदत संपते, सवलतीचे दिवस उलटतात आणि तुमच्या नावाचा तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो. ज्या दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी तीन पिढ्या लटकते आहे, त्याच्या नावानं मग भलताच माणूस इंटरनेटवर भलतंच काही विकू लागतो.

पुतण्याऐवजी एजन्सीला काम दिलं तरी हाच परिणाम साधता येतो. अट एकच: डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे चुकूनही विचारायचं नाही.

ज्यांना विचारायचंच आहे अशा हट्टी लोकांसाठी: डॉट इन डोमेनचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर असतो. दुकानाच्या भाड्याशी तुलना करू नका, उगीच हसू येईल. हवं तर नाव देवनागरीतही घेता येतं. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. नोंदणी मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, आणि पासवर्ड वहीत. लाल खतावणीच्या शेवटच्या पानावर लिहिलात तरी चालेल, तिथं तो पुतण्याच्या डोक्यापेक्षा सुरक्षित राहतो.

धडा चौथा : दुसऱ्याच्या ओट्यावर कायमचं बसा

स्वतःची साईट काढायचीच कशाला? फेसबुकचं पान आहे, इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, सगळं फुकट. हा युक्तिवाद आम्हाला अतिशय आवडतो, कारण तो तीन-चतुर्थांश खरा आहे. सुरुवात तिथूनच करावी. लहान धंदेवाल्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप २०१८ च्या जानेवारीत आलं. त्यात मालाची यादी, भाव, दुकानाची वेळ असं सगळं टाकता येतं, आणि देवासच्या नमकीनवाल्याला किंवा धारच्या शिंप्याला पहिली दोन वर्षं तेवढं पुरतं.

उरलेला चतुर्थांश असा. २०२० च्या २९ जूनला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. ज्यांनी तिथं साड्या नेसवून, चकल्या तळून लाखभर चाहते जमवले होते, त्यांचं दुकान एका रात्रीत उठलं. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय, चाहत्यांचे फोन नंबर मात्र कुणाकडेच नव्हते. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असतील, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडले ते सहा-एक तास. घटस्थापना तीन दिवसांवर होती. नवरात्रात देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला केवढी रीघ लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या आठवड्यातल्या ऑर्डरी म्हणजे काय हेही माहीत असतं.

आणि तिसरा किस्सा सगळ्यात बोधप्रद. गूगल छोट्या दुकानदारांना त्यांच्या नोंदीतूनच एका पानाची फुकट वेबसाईट करून द्यायचं. खूप जणांनी केल्या, पाटीवर पत्ता रंगवला, व्हिजिटिंग कार्डं छापली. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं ती सोय बंद केली. जूनपर्यंत जुना पत्ता नव्याकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. गूगलनं फसवलं असं म्हणता येणार नाही, फुकटाचा मांडव कधीतरी उतरतोच. कार्डं मात्र अजून गल्ल्यात असतील.

तेव्हा दुसऱ्याच्या ओट्यावर माल जरूर मांडावा, पण गिऱ्हाइकाला आपल्या घरचा पत्ता सांगून ठेवावा. हे वाक्य या मार्गदर्शिकेच्या ध्येयधोरणाविरुद्ध आहे. तरी असू द्या.

धडा पाचवा : फोटो

भरपूर टाका, एकेक आठ-दहा एमबीचा. पीथमपूर धार जिल्ह्यातच येतं. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या धावपट्टीवर २०२१ पासून गाड्या सुसाट पळतात. त्याच जिल्ह्यातल्या दुकानाचं पान उघडेपर्यंत चहा होतो, पिऊन होतो, कप विसळूनही होतो. दुसरी युक्ती: सगळी माहिती एका चित्रात कोंबा. नाव, पत्ता, फोन, भाव, मागे उगवता सूर्य आणि गुलाबाचं फूल. शोधयंत्राला साधी टाइप केलेली अक्षरं भरवशानं वाचता येतात, गुलाबावरची नाही.

धडा सहावा : कारखानदारांसाठी खास

देवासच्या औद्योगिक वसाहतीत आणि पीथमपुरात मोठ्या कंपन्यांच्या सावलीत शेकडो छोटे कारखाने चालतात. लेथ, मिलिंग, गिअर कापणं, फॅब्रिकेशन, पॅकिंगचे खोके. यांना वाटतं वेबसाईट ही मिठाईवाल्यांची भानगड. उलट आहे. मिठाईवाल्याचं गिऱ्हाईक वासानं येतं. गिअर कापून घेणारा खरेदी अधिकारी चाकणला बसलेला असतो, त्याचा नेहमीचा पुरवठादार ऐन वेळी हात वर करतो आणि तो रात्री साडेदहाला फोनवर नवा शोधू लागतो. त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात: हा माणूस खरा आहे का, आणि याच्याकडे माझं काम होईल असं यंत्र आहे का.

म्हणून त्या दोन्ही गोष्टी लपवा. मुख्य पानावर हस्तांदोलन करणाऱ्या गोऱ्या साहेबांचा फोटो लावा. तो इंटरनेटवर आयता मिळतो. खाली लिहा : ‘गुणवत्ता हेच आमचे ध्येय, ग्राहकाचे समाधान हाच आमचा संतोष.’ यंत्रांची यादी देऊ नका. सर्वांत मोठा केवढ्या व्यासाचा जॉब लागतो, किती मायक्रॉनपर्यंत अचूकता धरता, कुठल्या पोलादावर काम करता, मापनाची साधनं कुठली आहेत, यातलं काहीही नको. जीएसटी क्रमांक आणि उद्यम नोंदणी तर मुळीच नको. ईमेलचा पत्ता मुलाच्या नावाचा, पुढं त्याचं जन्मसाल आणि ‘रॉकस्टार’. चाकणचा साहेब पान मिटतो आणि राजकोटच्या कारखान्याला फोन लावतो, कारण त्यानं आपल्या हॉबिंग मशीनचा साधा, तेलकट, खरा फोटो टाकलेला असतो.

मोठ्या साईटची गरजच नाही. एक पान, खरे फोटो, यंत्रांचा तक्ता, आतापर्यंत केलेल्या कामांचे चार नमुने (ज्याचं काम केलं त्याची परवानगी घेऊन), आणि उचलला जाणारा फोन. फोन उचलण्याला पर्याय अजून कुठल्याही तंत्रज्ञानानं दिलेला नाही.

धडा सातवा : बाग

इथं मात्र उलट्या गोष्टी सांगायला जीभ रेटत नाही.

धार जिल्ह्यातल्या बाग गावची छपाई जगात प्रसिद्ध आहे. कापड आधी धुऊन-आपटून मऊ करायचं, मग खार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवायचं, वाळवायचं, हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. मग लाकडी ठशांनी छापायचं : लाल रंगासाठी तुरटीचा लगदा, काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचा. छापल्यावर काही दिवस ठेवून वाहत्या नदीत धुवायचं, कारण साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग परत कापडावर बसतो. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळायचं, तेव्हा कुठं तो लाल लाल होतो. खत्री कुटुंबांनी सिंधकडून आलेली ही विद्या इथं टिकवली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, आणि २००८ मध्ये बाग छपाईला भौगोलिक संकेतांकही मिळाला.

आता फोनवर शोधून बघा. बागेच्या नावानं जे कापड पुढ्यात येतं, त्यातलं पुष्कळसं बागेत छापलेलं नसतं. दूरच्या कारखान्यात स्क्रीनवर, तासाभरात शेकडो मीटर निघालेलं असतं. नक्षी तीच, रंग जवळपास तोच, भाव निम्म्याहून कमी. पुण्याच्या एखाद्या बाईला बिचारीला काय कळणार? तिला दोन फोटो शेजारी शेजारी दिसतात आणि ती स्वस्तातलं घेते. फोटोत नदी दिसत नाही.

इथं साईटचा खरा उपयोग कळतो. स्वस्तातल्या मालाशी भावात लढता येत नाही, पण नदी दाखवता येते. ठसा उचलून ठेवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, उकळत्या भांड्याचा फोटो, कापडाच्या उलट बाजूचा फोटो, ठशांच्या जोडावर पडलेली बारीक चूक. होय, ती चूकसुद्धा, कारण हातानं छापलेल्याची ती खूण आहे. संकेतांकाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक कारागिराला स्वतंत्र नोंदणी करता येते. केली असेल तर ते प्रमाणपत्र पानावर लावावं, केली नसेल तर आधी ते काम करावं. गावाचं नाव काही जण ‘बाग’ लिहितात, काही ‘बाघ’, इंग्रजीत तर आणखी दोन-तीन तऱ्हा. सगळ्या पानावर कुठं ना कुठं असाव्यात, म्हणजे शोधणारा कसाही शोधो, सापडेल. धुतल्यावर पहिल्यांदा थोडा रंग जाईल, मीठ टाकून गार पाण्यात धुवा, हेही प्रामाणिकपणे लिहावं. परत येणारा माल यानंच कमी होतो.

हे सगळं कारागिरानं स्वतः करावं का? ज्याचे हात रंगात आहेत त्याला टाइप करायला बसवणं हा मूर्खपणा आहे. घरातल्या एकानं करावं, आणि त्या कामाला काम म्हणावं, पोरांचा खेळ नव्हे.

धडा आठवा : वेळ

दुकानाच्या वेळा लिहू नका. मांडूच्या लॉजवाल्यांनी तर नक्कीच नको. पावसाळ्यात जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप बघायला महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं येतात. मुंबईहून निघालेलं कुटुंब रात्री धारला पोचतं, पोरं पेंगुळलेली, आजोबांना जिना चढवत नाही. खोली तळमजल्यावर आहे का, गाडी लावायला जागा आहे का, रात्री दहाला दाल-बाफला मिळेल का, एवढंच त्यांना हवं असतं. ते पानावर नसतं, फोन लागत नाही, ती इंदूरला मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी मांडू बघून संध्याकाळी परत जातात. हिंदीच्या जोडीला मराठीत चार ओळी असत्या, तर ती माणसं कदाचित तुमच्याकडेच उतरली असती.

धडा नववा : अभिप्राय विकत घ्या

पुतण्याच्या पाच मित्रांकडून एकाच संध्याकाळी पाच पंचतारांकित अभिप्राय टाकून घ्या. त्यातल्या एकानं हार्डवेअरच्या दुकानाबद्दल ‘खोल्या स्वच्छ, नाश्ता उत्तम’ असं लिहिलं तर सोन्याहून पिवळं. भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये एक मानक काढलं, त्यात खोटे आणि विकत घेतलेले अभिप्राय बाद ठरवले आहेत. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. आणि एखाद्यानं खरोखर नाराजीनं लिहिलं, तर त्याच्या खाली रात्री एक वाजता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करा. तो एकटाच वाचतो असं समजू नका, पुढची दोन वर्षं येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक वाचतं. ‘भिया, चूक झाली, येऊन बदलून न्या,’ एवढं लिहिलं असतं तर ते गिऱ्हाईकही आलं असतं आणि वाचणारी दहाही.

धडा दहावा : फोनवर विश्वास ठेवा

‘गूगलमधून बोलतोय, तुमचं दुकान पहिल्या पानावर पहिलं आणतो, हमखास, वर्षाला पंधरा हजार.’ ताबडतोब पाठवा. नकाशावरची नोंद फुकट असते आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच सांगतं, पण ते कशाला ऐकायचं?

दुसरा फोन फौजी साहेबाचा. महूच्या छावणीतून बोलतोय, शंभर डबे मिठाई हवी, पैसे आगाऊ पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. इथं चेष्टा पुरे. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. फसलात तर लाजत बसू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब.

ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी

देवासला पहाटे पोह्यांची गाडी लावणाऱ्याला वेबसाईटची गरज नाही. त्याचे पोहे दहाच्या आत संपतात, जिरावण भुरभुरून, जिलबीसकट. त्यानं नकाशावर एक खूण आणि ‘सकाळी सहा ते संपेपर्यंत’ एवढं टाकलं तरी पुष्कळ झालं. हंगामात गराडू तळणाऱ्याचंही तेच. ज्याचा माल रोज संपतो आणि ज्याला दुसरी गाडी लावायची इच्छा नाही, त्याला ‘डिजिटल व्हा’ म्हणून छळणं हा नुसता आगाऊपणा आहे. आणि शिळी शेव कितीही देखण्या पानावर टाकली तरी शिळीच लागते, लागल्याचं पंचवीस जणांना लवकर कळतं येवढाच फरक.

बाकीच्यांनी एवढं करा. आज रात्री दुकान वाढवल्यावर स्वतःचा फोन बाजूला ठेवा, कारण तो तुम्हाला ओळखतो. शेजाऱ्याचा फोन घ्या, त्यावर दुकानाचं नाव न टाकता तुम्ही विकता त्या वस्तूचं नाव आणि गावाचं नाव टाका, आणि काय दिसतं ते बघा. नंबर चुकीचा असेल तर उद्या सकाळी गल्ला उघडायच्या आधी तो दुरुस्त करा. वेबसाईटचं नंतर बघू. पुतण्याला दिवाळीत बोलवा, पण डोमेन आपल्या नावावर घ्या.